चार वर्षांचे सदस्यत्व, शंभर वर्षांचे घर : अमेरिकन सोरॉरिटीचा जमाखर्च

अमेरिकेत वाढलेली एखाद्या मराठी घरातली मुलगी तिथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात जाते, पहिल्याच सत्रात एखाद्या सोरॉरिटीची सदस्य होते आणि काही दिवसांत आईवडिलांच्या हाती देयकाचा तक्ता पडतो. नव्या सदस्याचे शुल्क, दीक्षाविधीचे शुल्क, बॅजची किंमत, राष्ट्रीय संघटनेची वर्गणी, चॅप्टरची वर्गणी, विम्याचा वाटा, घराचे शुल्क, जेवणाचे पैसे अशी ती लांबलचक यादी असते. आणि गंमत म्हणजे मुलगी त्या घरात राहायला गेलेलीच नसते, ती अजून विद्यापीठाच्या वसतिगृहातच असते. ज्या घरात राहत नाही त्याचे पैसे कशाचे, हा त्या आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की एका चॅप्टरचा सगळा जमाखर्च उलगडत जातो.

सोरॉरिटी म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थिनींची सदस्यत्वावर चालणारी संघटना. तिचे नाव बहुधा दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांचे असते, देशभर तिच्या शाखा असतात आणि एकेका महाविद्यालयातील शाखेला चॅप्टर म्हणतात. सदस्यत्व जन्मभराचे मानले जात असले तरी पैशाच्या दृष्टीने खरे सदस्यत्व साधारण चार वर्षांचे, कारण पदवी हातात पडली की मुलगी बाहेर पडते आणि तिची नियमित वर्गणी थांबते. म्हणजे चॅप्टरचे सगळे उत्पन्नदार दर चार वर्षांनी बदलतात. घर मात्र तेच राहते, त्याचे कर्ज तेच राहते, छपराचे वयही पुढे चालूच राहते. या दोन घड्याळांचा मेळ घालणे म्हणजेच चॅप्टरचे अर्थकारण, आणि त्यातल्या बहुतेक भानगडी हा मेळ चुकल्यामुळेच होतात.

सुरुवातीला घरच नव्हते, त्यामुळे भानगडही नव्हती. १८६७ साली इलिनॉय राज्यातील मॉनमथ कॉलेजात बारा विद्यार्थिनींनी जी संघटना काढली ती पुढे पाय बीटा फाय म्हणून ओळखली गेली. १८७० साली इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावी, आज डीपॉ विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, कॅपा अल्फा थीटा स्थापन झाली. या पिढीतल्या मुली कोणाच्या तरी खोलीत किंवा भाड्याच्या दालनात जमत. खर्च म्हणजे कागद, बॅज आणि चहापाणी, आणि तो किरकोळ वर्गणीत भागत असे. ‘सोरॉरिटी’ हा शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. तो लॅटिनमधील बहिणीसाठीच्या शब्दावरून सिरॅक्यूजमधील एका लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवला, आणि त्याआधी, काही संघटना तर आजही, स्वतःला ‘स्त्रियांची फ्रॅटर्निटी’ म्हणवत आल्या आहेत (फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांची अशीच संघटना).

चित्र बदलले ते मुलींनी घर बांधल्यावर. अल्फा फाय या संघटनेने १८८६ साली सिरॅक्यूज येथे चॅप्टरसाठी स्वतःचे घर बांधले आणि स्त्रियांच्या संघटनांत असे घर बांधणारी आपण पहिली, असे ती अभिमानाने सांगते. (आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेही याच वर्षी, अमेरिकेतही स्त्रीशिक्षण तेव्हा कुठे मूळ धरत होते, हे या योगायोगाने ध्यानात राहते.) त्यामागे व्यवहार होता. सहशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांनी मुलींना प्रवेश दिला, परंतु त्यांच्या राहण्याची सोय अनेक ठिकाणी अपुरी होती. सोरॉरिटीने घर घेतले, तिथे एक प्रौढ देखरेखकर्ती बाई ठेवली आणि खानावळ चालवली, तर विद्यापीठाचा तेवढा खर्च वाचत होता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ही घरे झपाट्याने उभी राहिली. आज आपण जी खांबांची, पांढऱ्या सज्जांची भव्य घरे छायाचित्रांत पाहतो, त्या थाटाची मुळे याच काळात आहेत.

घर घ्यायचे म्हणजे खरेदीखत करायचे, कर्जरोख्यावर सही करायची, विमा उतरवायचा. या गोष्टी एकोणीस-वीस वर्षांच्या आणि लवकरच गाव सोडून जाणाऱ्या मुलींच्या नावावर करणे कोणत्याही बँकेला रुचणारे नव्हते. म्हणून माजी सदस्यांनी, ज्यांना तिथे ॲलम्नी म्हणतात, वेगळी कायदेशीर संस्था काढली. तिचे नाव हाउस कॉर्पोरेशन. इमारत तिच्या मालकीची, काही विद्यापीठांत तर जमीन विद्यापीठाची आणि तिच्यावरची इमारत भाडेपट्ट्याने या कॉर्पोरेशनची, आणि चॅप्टर हा तिचा भाडेकरू. अलीकडे काही राष्ट्रीय संघटनांनी देशभरच्या घरांसाठी एकच मध्यवर्ती गृहनिर्माण कंपनी काढून स्थानिक मंडळांचे काम तिच्याकडे सोपवले आहे, कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या बायकांनी विनावेतन वेळ काढून बॉयलरच्या निविदा मागवाव्यात, ही व्यवस्था सगळीकडे टिकली नाही.

तेव्हा त्या आईवडिलांनी भरलेला डॉलर एका खिशात जात नाही, तो तीन खिशांत वाटला जातो. काही भाग राष्ट्रीय संघटनेकडे जातो. त्यातून मुख्यालयाचा खर्च, प्रवासी सल्लागार, प्रशिक्षण आणि सगळ्या चॅप्टरांसाठी एकत्रित घेतलेला दायित्व-विमा भागतो. काही भाग चॅप्टरपाशी राहतो आणि त्यातून नव्या सदस्यांच्या निवडीचा सोहळा, सभा, सहली, नृत्यसमारंभ, छपाई, अभ्यासाची बक्षिसे असा वर्षभराचा चालू खर्च होतो. उरलेला आणि सामान्यतः सर्वांत मोठा भाग घरासाठी हाउस कॉर्पोरेशनकडे जातो. घरात राहणारी सदस्य खोली आणि जेवण यांचे पैसे देते. बाहेर राहणारी सदस्यही घराच्या नावाने काही रक्कम देते. तिला अनेक ठिकाणी ‘पार्लर फी’ म्हणतात, म्हणजे दिवाणखाना वापरण्याचे शुल्क. पण दिवाणखाना हे निमित्त झाले, कारण केवळ राहणाऱ्यांच्या भाड्यावर हे घर उभे राहू शकत नाही आणि ती तूट बाहेर राहणाऱ्यांनी भरून काढायची, हा त्या शुल्काचा खरा अर्थ.

हे आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून एक काल्पनिक चॅप्टर घेऊ. यातील रकमा केवळ समजण्यासाठी धरलेल्या आहेत. सदस्य १५०, त्यांपैकी ५० घरात राहतात आणि १०० बाहेर. घरात राहणारी वर्षाला ७,००० डॉलर देते आणि बाहेर राहणारी घरासाठी १,८०० डॉलर देते. उत्पन्न झाले ३,५०,००० अधिक १,८०,०००, म्हणजे ५,३०,००० डॉलर. खर्चात कर्जाचा हप्ता १,५०,०००. विमा आणि मालमत्ता कर ६०,०००. घराची व्यवस्थापक, स्वयंपाकी आणि सफाई यांचे पगार १,३०,०००. वीज, पाणी, हीटिंग ३५,०००. दुरुस्ती आणि राखीव निधी ४५,०००. हे सगळे मिळून ४,२०,००० डॉलर, आणि हे घरात पन्नास मुली असल्या काय आणि तीस असल्या काय, जवळजवळ तेवढेच राहतात. किराणा मात्र माणशी बदलतो. घरात राहणारीमागे १,६०० आणि अधूनमधून जेवायला येणारीमागे २०० धरले तर एक लाख. एकूण खर्च ५,२०,०००, शिल्लक १०,०००. वर्ष नीट पार पडले.

आता समजा तीन-चार वर्षांत सदस्यसंख्या ११० वर आली, घरात ३८ उरल्या आणि बाहेर ७२. उत्पन्न २,६६,००० अधिक १,२९,६००, म्हणजे ३,९५,६०० डॉलर. खर्चाचे काय? किराणा घटून ७५,२०० झाला, बाकीचे ४,२०,००० जागच्या जागी. एकूण ४,९५,२००. तूट ९९,६०० डॉलर. सदस्य सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटले, उत्पन्न सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले आणि खर्च पाच टक्केही घटला नाही. ही तूट उरलेल्या ११० जणींवर वाटली तर प्रत्येकीवर सुमारे ९०५ डॉलरचा जादा बोजा पडतो. शुल्क वाढवले की काठावरच्या मुली बाहेर पडतात, पुढच्या वर्षी येऊ पाहणाऱ्या शेजारच्या स्वस्त घराकडे वळतात आणि तूट पुन्हा वाढते. शुल्क वाढवले नाही तर दुरुस्ती पुढे ढकलली जाते, रंग उडतो, न्हाणीघरे गळतात आणि घर पाहायला आलेल्या मुलींचे मन उतरते, तेव्हा संख्या त्यामुळेही घटतेच. या फेऱ्यात सापडलेल्या चॅप्टरला नुसती काटकसर वाचवू शकत नाही, कारण कापण्याजोगा खर्चच थोडा असतो.

सोरॉरिटीच्या जगात नव्या मुलींच्या भरतीला एवढे महत्त्व का, त्यासाठी आठवडाभर गाणी, सजावट आणि मुलाखतींचा तो थकवणारा सोहळा का, याचे एक कारण इथे सापडते. अलाबामा विद्यापीठातील भरतीच्या चित्रफिती २०२१ साली टिकटॉकवर जगभर गाजल्या तेव्हा लोकांना त्यात फक्त कपडे दिसले. पोशाख आणि नखरा त्यात आहेच, नाही असे नाही; पण खजिनदाराच्या दृष्टीने तो आठवडा म्हणजे पुढच्या चार वर्षांचे उत्पन्न ठरवणारा आठवडा असतो. ज्या वर्षी नव्या मुलींचा वर्ग लहान आला, त्या वर्षाचा खड्डा त्या वर्षापुरता राहत नाही. तो वर्ग पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत दरवर्षी ताळेबंदात दिसत राहतो.

ही स्पर्धा अगदीच मोकाट नसते. १९०२ साली स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या संघटनांच्या संघाने तिला दोन आकड्यांचा लगाम घातला आहे. एक ‘कोटा’, म्हणजे मुख्य भरतीत प्रत्येक चॅप्टरने घ्यावयाच्या नव्या मुलींची संख्या. दुसरा ‘टोटल’, म्हणजे त्या महाविद्यालयात एका चॅप्टरचा मान्य आकार. लोकप्रिय घराने सगळ्या मुली ओढून घेऊ नयेत आणि दुबळ्या घराला जगण्यापुरत्या मुली मिळाव्यात, हा हेतू. ज्या चॅप्टरची संख्या टोटलखाली राहते, त्याला मुख्य भरतीनंतरही सदस्य घेण्याची मुभा असते. साखर कारखान्यांमध्ये ऊस पळवापळवी होऊ नये म्हणून कार्यक्षेत्र आखून देण्याची पद्धत आपल्याकडे होती, तिची इथे आठवण येते. पण कारखान्याप्रमाणेच इथेही कोट्याने ऊस मिळतो, गाळप होईलच याची हमी मिळत नाही. मुलगी नाव नोंदवून दोन महिन्यांत सोडूनही जाते.

संख्येचा हा दबाव किती टोकाला जाऊ शकतो, ते त्याच ग्रीनकॅसलमध्ये दिसले. डीपॉ विद्यापीठातील डेल्टा झीटाच्या चॅप्टरची सदस्यसंख्या २००६ साली ३५ वर आली होती आणि घर निम्मे रिकामे होते. राष्ट्रीय संघटनेने सदस्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ३५ पैकी २३ जणींना सक्रिय सदस्यत्व सोडून माजी सदस्य व्हावे आणि घर सोडावे असे कळवले. भरतीसाठी ज्यांची पुरेशी बांधिलकी दिसली त्यांनाच ठेवले, असे संघटनेचे म्हणणे होते. काढलेल्यांमध्ये जाड मुली आणि चॅप्टरमधील कृष्णवर्णीय, कोरियन आणि व्हिएतनामी वंशाच्या मुली होत्या, हे वृत्तपत्रांत आल्यावर देशभर गहजब झाला. ठेवलेल्या बारांपैकी सहा जणी निषेध म्हणून स्वतःहून बाहेर पडल्या आणि मार्च २००७ मध्ये विद्यापीठाने त्या संघटनेशी संबंध तोडले. या प्रकरणाची चर्चा रूप आणि वंश यांविषयी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्या मते मात्र त्या निर्णयाच्या मुळाशी रिकाम्या खोल्या होत्या, हे त्या गदारोळात नीट पाहिले गेले नाही. ज्या संस्थेला घर भरण्यासाठी दरवर्षी नव्या मुलींच्या पसंतीस उतरावेच लागते, ती आपल्याच सदस्यांकडे दुकानाच्या दर्शनी भागासारखे पाहू लागते. तिथे तर उपाय रोगापेक्षा महाग पडला, कारण चॅप्टरही गेला आणि नावही.

आता छपराकडे वळू. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहिलेल्या कोणालाही सिंकिंग फंड परिचित असतो. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी त्यात जमा करायची असते. तिथेही सभासद कुरकुरतात, पण फ्लॅट स्वतःचा असल्यामुळे अखेर भरतात, कारण इमारत ढासळली तर नुकसान त्यांचे. सोरॉरिटीत ही ओढ नाही. समजा छप्पर पंचवीस वर्षे टिकते आणि बदलायला दोन लाख डॉलर लागतात. म्हणजे दरवर्षी आठ हजार बाजूला ठेवले पाहिजेत. ठेवले नाहीत तर पंचवीस वर्षांत सहा तुकड्या ते छप्पर फुकट वापरून पदवी घेऊन जातात आणि सातव्या तुकडीच्या डोक्यावर सगळे बिल एकदम येते. दर तुकडीच्या दृष्टीने राखीव निधीत पैसे टाकणे म्हणजे पाहिलेल्याही नसलेल्या कोणा मुलींसाठी पैसे भरणे. तेवढ्याच पैशांत नवे सोफे येतात आणि ते भरतीच्या आठवड्यात दिसतात. निधी कोणाला दिसत नाही. म्हणून चांगली हाउस कॉर्पोरेशन या बाबतीत मुलींचे मत विचारत बसत नाही, भाड्यातच निधीचा हिस्सा धरते. मुलींना ते जुलमाचे वाटते. त्या चाळिशीत येऊन त्याच मंडळावर बसल्या की स्वतः तेच करतात.

काही खर्च तर कोणाच्याच निधीत धरलेले नसतात. १२ मे १९९६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे एका फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या गावाने असा नियम केला की फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी अशा दोन्हींच्या घरांत ठरावीक मुदतीत पाणी फवारणारी अग्निशमन यंत्रणा बसवलीच पाहिजे. नियम योग्यच होता. पण जुन्या घराच्या भिंती आणि छत फोडून नळ टाकणे हे काम मोठ्या खर्चाचे, आणि आग ज्यांच्या घरी लागली नव्हती त्या सोरॉरिट्यांनाही ते करावे लागले. दुसरा असा धक्का मार्च २०२० चा. महासाथीमुळे घरे एका आठवड्यात रिकामी झाली आणि पालकांनी उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले. किराण्याचे पैसे वाचले होते, ते परत करता येण्यासारखे होते. पण कर्जाचा हप्ता, विमा आणि कर थांबलेले नव्हते. वर मांडलेल्या गणितात न बदलणारे ४,२०,००० आणि माणशी बदलणारे १,००,००० यांत जो फरक आहे, तेच त्या वसंत ऋतूत पालक आणि मंडळे यांच्यातील वादाचे मूळ होते.

माजी सदस्या श्रीमंत असतात, त्यांनी देणग्या द्याव्यात, असा प्रश्न इथे साहजिकच येतो. इथे अमेरिकेचा करकायदा आडवा येतो. सोरॉरिटी आणि बहुतेक हाउस कॉर्पोरेशन या कलम ५०१ (सी) (७) खाली येतात, जिमखान्यासारख्या सामाजिक क्लबांसाठीच्या कलमाखाली. तर्क असा की सदस्यांनी आपले पैसे एकत्र करून आपल्यावरच खर्च केले तर त्यात नफा कुठला, मग कर कशाला? पण याच तर्काची दुसरी बाजू अशी की क्लबला दिलेली देणगी धर्मादाय नसते, तिच्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. शिवाय बाहेरून येणारे उत्पन्न, गुंतवणुकीवरील व्याज धरून, एकूण जमेच्या ३५ टक्क्यांवर जाऊ नये आणि त्यातही बिगर-सदस्यांनी जागा वापरल्याबद्दलचे उत्पन्न १५ टक्क्यांवर जाऊ नये, असे बंधन आहे. व्याजावर कर तर पडतोच. उन्हाळ्यात घर रिकामे असते, ते लग्नांना किंवा शिबिरांना भाड्याने देऊन पैसे उभे करावेत, ही दर नव्या खजिनदाराला सुचणारी कल्पना या टक्क्यांपाशी अडते.

म्हणून सोरॉरिट्यांनी चौथा खिसा शिवला, तो म्हणजे फाउंडेशन. ते कलम ५०१ (सी) (३) खाली नोंदलेले धर्मादाय न्यास असते, त्याला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, पण ते पैसे शैक्षणिक आणि धर्मादाय कामांसाठीच वापरायचे. शिष्यवृत्त्या त्यातून देता येतात. घरातल्या अभ्यासिकेसाठीही काही प्रमाणात मदत करता येते, पण नृत्यदालन, स्वयंपाकघर किंवा झोपायच्या खोल्या त्या व्याख्येत बसत नाहीत. कोणता पैसा कशासाठी वापरता येतो, याची गल्लत बाहेरचे लोक आणखी एका बाबतीत करतात. ट्राय डेल्टा ही संघटना १९९९ पासून मेम्फिस येथील सेंट ज्यूड या मुलांच्या कर्करोग रुग्णालयासाठी निधी जमवते आणि २०१४ साली तिने दहा वर्षांत सहा कोटी डॉलर जमवण्याचा संकल्प केला. एवढा पैसा जमवणाऱ्या मुलींच्या घराचे छप्पर गळते कसे, असे कोणी विचारते. पण ते पैसे रुग्णालयाचे. मुलींच्या हातातून ते केवळ पुढे जातात. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून मंडळाच्या अध्यक्षाने घराला रंग दिला तर त्याला आपण जे म्हणू, तेच इथे म्हणावे लागेल.

घराशिवायही सोरॉरिटी चालते, आणि ती अनेकदा अधिक स्वस्थपणे चालते. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झालेली अल्फा कॅपा अल्फा आणि १९१३ साली तिथेच स्थापन झालेली डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांची वाट वेगळी आहे. त्यांच्या महाविद्यालयीन चॅप्टरांकडे भव्य घरे सहसा नसतात, परंतु पदवीनंतर स्त्रिया आपापल्या शहरातील पदवीधर चॅप्टरमध्ये जाऊन दशकानुदशके वर्गणी भरत राहतात. उत्पन्न चार वर्षांवर नव्हे, चाळीस वर्षांवर पसरलेले असते. अल्फा कॅपा अल्फाने २०२३ साली आपल्या सदस्यांसाठी स्वतःची पतसंस्था सुरू केली, ती याच बळावर. १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कॅपा फाय गॅमा या दक्षिण आशियाई मुलींच्या संघटना निघाल्या. अशा लहान चॅप्टरांचे अर्थकारण वर्गणी, कार्यक्रमाचे सभागृह आणि विमा एवढ्यात आटोपते. एखाद्या मराठी मुलीच्या घरी येणारा तक्ता पाच ओळींचा आहे की पंधरा, हे ती कोणत्या प्रकारच्या संघटनेत गेली यावरून ठरते, आणि सही करण्यापूर्वी विचारण्याजोगा प्रश्न एकच असतो: घर आहे का, आणि त्यावर कर्ज किती?

हा सगळा डोलारा चॅप्टरच्या बाजूने सांभाळते ती खजिनदार, म्हणजे बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिची मुदत साधारण एक वर्षाची. पहिले तीन महिने समजून घेण्यात जातात, शेवटचे दोन पुढच्या मुलीला शिकवण्यात, आणि मधल्या काळात तिला लाखो डॉलरच्या अंदाजपत्रकाखाली सही करायची असते. आता बिले पाठवणे आणि वसुली हे काम बाहेरच्या कंपन्यांच्या संगणकप्रणालीतून होते, धनादेशावर माजी सदस्य असलेल्या सल्लागाराचीही संमती लागते, मुख्यालयाला खाती दिसतात. तरी थकबाकीचे काम तिच्याच गळ्यात असते. काल जिच्याबरोबर जेवलो तिलाच आज मतदानाचा आणि समारंभाचा हक्क स्थगित झाल्याचे पत्र द्यायचे, हे विसाव्या वर्षी शिकावे लागते; आणि बापाची नोकरी गेली म्हणून पैसे थकलेली मुलगी व निष्काळजीपणे थकवणारी मुलगी यांत फरक कसा करायचा, हे कोणत्याच प्रणालीत लिहिलेले नसते. बऱ्याच चॅप्टरांत हप्ते पाडून देण्याची सोय असते, पण ती मागण्यासाठी आधी तोंड उघडावे लागते.

कधी कधी मेळ बसतच नाही. अशा वेळी विसाव्या शतकात लहान संघटना मोठ्या संघटनांत विलीन होत गेल्या. एकट्या डेल्टा झीटाने १९४१ ते १९६२ या काळात चार संघटना आपल्यात सामावून घेतल्या. एकेकट्या चॅप्टरपुढे मात्र बंद होण्याचाच मार्ग उरतो. सनद परत जाते, मुली माजी सदस्य होतात आणि घर हाउस कॉर्पोरेशनच्या हाती रिकामे उरते. ते दुसऱ्या सोरॉरिटीला भाड्याने देता येते, विद्यापीठाला विकता येते किंवा बाजारात काढता येते. विकले तर नफ्यावर कर पडतो. पण विक्रीच्या एक वर्ष आधीपासून तीन वर्षे नंतरपर्यंतच्या मुदतीत ती रक्कम संस्थेच्याच कामाच्या दुसऱ्या वास्तूत गुंतवली, तर तेवढ्यापुरता तो टळतो. ही तीन वर्षे फार लवकर संपतात. नव्या चॅप्टरला परवानगी मिळवायची तर विद्यापीठाची संमती लागते, इतर चॅप्टरांनी जागा करून द्यावी लागते, आणि आधीच्या मुली पदवी घेऊन पांगल्याशिवाय जुने नाव पुन्हा आणण्यात अर्थ नसतो. त्यामुळे रक्कम कर भरून ठेवीत जाते, चॅप्टरच्या नावाने राहते, आणि आठ-दहा वर्षांनी त्याच ग्रीक अक्षरांखाली नव्या मुली जमतात तेव्हा त्यांना वसतिगृहाच्या तळमजल्यावरची एक भाड्याची बैठकीची खोली मिळते. त्या खोलीचे पहिले शुल्क ठरवायला बसलेल्या खजिनदाराला जुन्या घराचे छायाचित्र कपाटात सापडते. ते घर बहुधा आता दुसऱ्याच अक्षरांच्या पाटीखाली उभे असते.